हरलेल्या संघातला फलंदाज

सुरतेस येऊन मला बरीच वर्षे झाली, पण कॉलेजच्या क्रिकेटचा नाद काही सुटला नाही. रविवारी कुठे सामना असला की मैदानाच्या कडेला जाऊन बसतो. मागच्या हंगामात असाच एक आंतरमहाविद्यालयीन सामना पाहिला. पहिल्या संघाच्या ११८ धावा झाल्या, त्यांतल्या ६१ एकट्या तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाच्या. प्रतिस्पर्ध्यांनी तीन गडी राखून सामना जिंकला. तंबूमागे चहा घेताना हरलेल्या संघाबरोबर आलेले एक गृहस्थ म्हणाले, "याच्या धावा काय चाटायच्या? कधी सामना जिंकून दिलाय याने?" पुढच्या रविवारी तो मुलगा राखीव खेळाडूंत बसलेला दिसला.

त्या गृहस्थांना विजय हजारे यांची आठवण द्यावीशी वाटली. जन्म सांगलीचा, क्रिकेट बडोद्याचे, म्हणजे सुरतकरांचे शेजारीच. १९४३ साली ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 'रेस्ट' संघाचा दुसरा डाव ३८७ धावांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ३०९! बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. एवढे करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. पुढे जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीत हजारे यांनी ११६ आणि १४५ धावा काढल्या. दुसऱ्या डावात आपल्या सहा फलंदाजांना खातेही उघडता आले नाही. पराभव पुन्हा डावानेच. आमच्या गृहस्थांच्या मापाने या दोन्ही कामगिऱ्या फुकट!

अमेरिकेतल्या कॉलेजांत 'फुटबॉल' नावाचा जो खेळ चालतो (चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा, आपला पायाने खेळायचा नव्हे) त्यात क्वार्टरबॅकचीही हीच तऱ्हा. संघ जिंकला की हार त्याच्या गळ्यात, हरला की खापर त्याच्या माथ्यावर. त्याच्या फेकींचा आकडेवार हिशेब ठेवतात खरा, पण बिनचूक फेक पकडणाऱ्याच्या हातून निसटली तरी ती वाया गेलेलीच धरतात. पुढच्या फळीने त्याला क्षणभर उभे राहू दिले की नाही, याचा त्या हिशेबात पत्ता नसतो.

याचा अर्थ हरलेल्या संघातला प्रत्येक अर्धशतकवीर हुतात्मा असतो असे मुळीच नाही. सामना हातचा गेल्यावर सैल गोलंदाजीवर सरासरी फुगवून घेणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणूनच धावा मोजण्याआधी विचारावे की गडी आत आला तेव्हा फलकावर काय होते, चेंडू कोण टाकत होता, दुसऱ्या टोकाला कोणी टिकले काय, कर्णधाराने त्याला काय सांगून पाठवले होते. 'पेपरच अवघड होता' ही सबब निकालाच्या दिवशी आपण सगळेच सांगतो. फलंदाजाला मात्र ती सवलत द्यायला तंबूतले कोणी तयार नसते.

हा मुलगा दुसऱ्याच षटकात आत आला होता. त्याच्या डोळ्यांदेखत समोरून आठ जण गेले. अखेर शेवटच्या गड्याला सोबत घेऊन चार धावा जास्त मिळवण्याच्या खटपटीत तो उंच फटका मारून बाद झाला. सामना संपल्यावर मी गुणलेखकाकडून वही मागून घेतली. त्याच्या नावापुढे ६१ होते. त्याच्या संघाने दुपारी चार झेल सोडले, त्यांची वहीत कुठेही नोंद नव्हती.