दुष्परिणाम आणि सारासार विचार

चंडीगढच्या सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश अशा दूरदूरच्या प्रदेशांतून रोगी येतात. गावी परतलेल्या रोग्याने एखादी गोळी मनानेच बंद केली, तर पुढच्या भेटीपर्यंत वैद्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या बाबतीत ही घाई जिवावर बेतण्याचा संभव असतो.

या घाईस आपला एक शब्दही कारण होतो, असे अनुवादकाच्या नात्याने मला वाटते. किरकोळ अंगदुखी आणि प्राणसंकट या दोहोंना आपण सरसकट ‘दुष्परिणाम’ म्हणतो. शब्द एकच असल्याने भीतीही सारखीच वाटते.

१९७३ साली जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी एका बुरशीपासून पहिले स्टॅटिन मिळवले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यास आवश्यक असलेल्या एका एंझाइमला ही औषधे रोधतात. मग यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेते आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका घटतो. परंतु टळलेला झटका कोणास दिसत नाही. दुखणारी पोटरी मात्र क्षणोक्षणी जाणवते.

हे दुखणे गोळीचेच असते काय? त्रासामुळे पूर्वी स्टॅटिन सोडलेल्या ६० व्यक्तींवर लंडनमध्ये केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषधरहित गोळी दिली, तर काही महिने काहीच दिले नाही. शंभरपैकी मोजलेला त्रास गोळी नसताना सरासरी ८, औषधरहित गोळीने १५.४ आणि स्टॅटिनने १६.३ भरला. म्हणजे बहुतेक त्रास गोळी घेण्याच्या धास्तीतून उपजला होता. तथापि ते दुखणे खोटे नव्हते. केवळ त्याचे कारण वेगळे होते. हे समजल्यावर त्यांतील निम्म्या व्यक्तींनी औषध पुन्हा सुरू केले.

म्हणून सर्वच तक्रारी मनाचे खेळ ठरवणे हीही तितकीच मोठी चूक होय. सेरिवास्टॅटिन हे औषध स्नायूंच्या घातक विघटनामुळे २००१ साली बाजारातून मागे घ्यावे लागले. असा प्रकार क्वचितच घडतो. तरी स्नायूंत तीव्र वेदना, विलक्षण अशक्तपणा किंवा गडद तपकिरी लघवी दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. काही प्रतिजैविके व बुरशीनाशक औषधे सोबत घेतल्यास हा धोका वाढतो. काहींच्या रक्तातील साखरही थोडी वाढते.

सौम्य त्रासावर उपाय असतात. डॉक्टर रक्त तपासतात, थायरॉइडचा विकार नाही ना हे पाहतात. मात्रा कमी करतात, दुसरे स्टॅटिन देतात किंवा एझेटिमाइबसारखे निराळे औषध योजतात.

सेरिवास्टॅटिनचा धोका उघड झाला तो नोंदवलेल्या तक्रारींमुळेच. भारतात २०१० साली औषधदक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. चंडीगढच्या उपरोक्त संस्थेतही त्याचे केंद्र आहे; १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रोगी स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. रोग्याने त्रास लपवू नये, वैद्याने तो हसण्यावारी नेऊ नये, आणि गोळी सोडण्याचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, हेच आमच्या मते शहाणपणाचे.