आधी ओळख, मग चाप

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार जवळ आला की उत्तर विस्कॉन्सिनमध्ये पक्ष्यांच्या शिकाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो : आता नऊ दिवस बंदूक पेटीत ठेव, कुत्रा घरी बांध, रान हरणवाल्यांना सोड. कायदा असे म्हणत नाही. रफ्ड ग्राऊस हा आपल्या तित्तिर-रानकोंबडीच्या कुळातला रानपक्षी. त्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. फेझंटचा हंगामही नोव्हेंबरभर खुला असतो. हरणांचा बंदुकीचा हंगाम या लांबलचक हंगामाच्या मधोमध येतो. शेजारच्या मिशिगनने वेगळी वाट धरली आहे. तिथे 15 ते 30 नोव्हेंबर हरणांची बंदुकीने शिकार चालते आणि तेवढ्या काळापुरती ग्राऊसची शिकार बंद असते; ती 14 नोव्हेंबरला थांबते आणि 1 डिसेंबरला पुन्हा सुरू होते. विस्कॉन्सिननेही हाच कित्ता गिरवावा, असे म्हणणारे बरेच आहेत.

त्यांची बाजू कमकुवत नाही, म्हणून ती आधी पूर्ण मांडतो. या नऊ दिवसांत पाच लाखांहून अधिक लोक परवाना घेऊन रानात उतरतात. त्यांच्या हातातल्या रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरच्या हिशेबात पुढे जाऊ शकते. ग्राऊस राहतो अ‍ॅस्पेनच्या कोवळ्या, दाट रोपवनात आणि ओढ्याकाठच्या आल्डरच्या जाळीत. बार वाजू लागले की हरिणही तिथेच दडते. अशा जाळीतून एखादा तपकिरी पॉइंटर कुत्रा अंग चोरत निघाला तर पलीकडच्या मचाणावरून नेमके काय दिसेल? हरणाच्या रंगाचे, हरणासारखेच चालणारे काहीतरी. यातले एकही विधान मला खोडायचे नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

कारण रान कधीच रिकामे नसते. पक्ष्यांच्या शिकाऱ्यांना बाहेर काढले तरी लाकूडतोडे राहतात, सापळेवाले राहतात, कुत्रा फिरवणारी म्हातारी माणसे राहतात, पोरे राहतात. 2013 पासून विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांचे मोठे भागही 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर शिकारीला खुले असतात. मॅडिसन आणि मिलवॉकीच्या आसपासची मराठी कुटुंबे नेमकी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत पोराबाळांसह तिथे फिरायला जातात, आणि आपण शिकारीच्या हद्दीत चाललो आहोत याचा त्यांतल्या कितीकांना पत्ता नसतो. पक्ष्यांचा हंगाम बंद केल्याने या लोकांचे रक्षण होत नाही. उलट मचाणावर बसलेल्याच्या मनात एक घातक खात्री तयार होते की आज रानात हलते आहे ते हरीणच असणार. या खात्रीनेच माणसे मारली आहेत.

मेन राज्यातल्या हर्मन गावी 15 नोव्हेंबर 1988 रोजी एक 37 वर्षांची स्त्री घराच्या मागे उभी होती. तान्ह्या जुळ्या मुलींची आई, काही महिन्यांपूर्वीच आयोवाहून तिथे राहायला आलेली. हातात पांढरे मोजे होते. हरणाच्या शिकाऱ्याला ते पांढरे हरणाच्या उभारलेल्या शेपटीसारखे वाटले आणि त्याने गोळी झाडली. बाई गेली. त्यानंतर जे घडले ते मला गोळीइतकेच भयंकर वाटते. नोव्हेंबरात पांढरे मोजे का घातले, शिकाऱ्यांना दुरून दिसेल असे केशरी का नव्हते अंगावर, अशी चर्चा गावात आणि वर्तमानपत्रांतल्या पत्रांत सुरू झाली. स्वतःच्या परसात उभ्या असलेल्या आईची उलटतपासणी झाली आणि 1990 मध्ये ज्युरीने शिकाऱ्याला निर्दोष सोडले. त्या दिवशी तिथे पक्ष्यांची शिकार चालू असती किंवा नसती, काय फरक पडला असता?

मेनला मात्र शहाणपण सुचले. 1991 मध्ये तिथे सावज ओळखण्याचा कायदा झाला. मोठ्या प्राण्यावर गोळी झाडण्याआधी शिकाऱ्याला त्याचे डोके आणि धड दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. झुडपातला आवाज, क्षणभर दिसलेला रंग किंवा नुसती हालचाल पुरेशी धरली जात नाही. दोन हंगाम एकाच रानात नांदवायचे तर पाया हाच. जबाबदारी दिसणाऱ्यावर नसते, बघणाऱ्यावर असते, हे या कायद्याने लेखी केले.

आता दुसऱ्या बाजूचे, म्हणजे पक्षीवाल्यांचे म्हणणे. ते म्हणतात, आम्ही केशरी घालतो, कायदा पाळतो, आणखी काय हवे? केशरीचे उपकार मी नाकारत नाही. विस्कॉन्सिनमध्ये 1914 च्या एकाच हंगामात 24 शिकारी मारले गेले होते, आणि तेव्हा शिकारी आजच्या मानाने फार थोडे होते. 1945 मध्ये लाल कपड्यांची सक्ती आली, 1980 मध्ये झगझगीत केशरी रंगाची. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचे शिक्षण सक्तीचे झाले. त्यानंतर एकही जीव न जाता पार पडलेले हंगामही या राज्याने पाहिले. आजही हरणांच्या बंदूक-हंगामात कमरेवरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग केशरी किंवा झगझगीत गुलाबी असलाच पाहिजे, टोपी घातली तर तीही निम्मी. पाणपक्ष्यांचे शिकारी वगळता हा नियम ग्राऊसवाल्यालाही लागू आहे. हरीण केशरी पाहून पळते ही तक्रार तर सोडूनच द्यावी. त्याच्या डोळ्यांत तांबडा रंग टिपणाऱ्या पेशी नसतात.

पण केशरी घातले की झाले, हे खोटे आहे. 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमधल्या एका रँचवर अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लावे मारायला गेले होते. उडालेल्या लाव्यामागे बंदूक फिरवत त्यांनी बार काढला. छर्रे लागले सोबतच्या 78 वर्षांच्या हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्याला, मानेला, छातीला. व्हिटिंग्टन यांच्या अंगावर केशरी होते. हृदयाजवळ रुतलेल्या एका छर्ऱ्याने त्यांना सौम्य हृदयविकाराचा झटका आला. यजमानांकडून पहिला खुलासा काय आला? व्हिटिंग्टन मागून आले, त्यांनी हाक दिली नाही. हर्मनचेच तर्कट, फक्त मोज्यांच्या जागी हाक. चार दिवसांनी चेनींनी दूरदर्शनवर कबूल केले की चाप त्यांनी ओढला आणि दोष त्यांचाच. ते वाक्य पहिल्याच दिवशी यायला हवे होते.

छर्ऱ्याने काय होते म्हणणाऱ्या पक्षीवाल्यांनी ही घटना विसरू नये. हरणांच्या हंगामात ती अधिकच बोलकी आहे, कारण आता झुडपापलीकडे जमिनीवरच्या आडोशात किंवा पंधरा-वीस फुटांवरच्या मचाणावर कोणीतरी बसलेले असू शकते. ग्राऊस धडधडाट करत उठतो, डोळ्यांच्या उंचीवरून निसटतो आणि हात आपोआप वर जातो. नेहमीच्या दिवसांत हा बार चालून जातो. या नऊ दिवसांत पक्ष्यामागे मोकळे आकाश दिसत नसेल तर तो सोडून द्यावा. पक्षी पुन्हा उठेल.

मग मचाणावरचा म्हणतो, हे लोक कुत्रे घेऊन येतात आणि माझा दिवस नासवतात. या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे उत्तर वेळेत आहे, बंदीत नाही. हरिणे पहाटे आणि संध्याकाळी अधिक हिंडतात. पक्षीवाल्याने सकाळी दहाच्या आधी रानात पाऊल टाकू नये आणि दुपारी दोनला बाहेर पडावे. वाटेच्या तोंडाशी कोणाची गाडी उभी दिसली तर पुढची वाट धरावी. हंगामाचे पहिले दोन दिवस गर्दी सर्वांत जास्त असते. ते त्याने आपणहून सोडावेत. ही माझी बंदीशी तडजोड आहे, असे कोणी म्हणेल. तशी ती नाही. स्वतःहून घेतलेल्या माघारीने दुसऱ्याला रान रिकामे असल्याची हमी मिळत नाही, आणि त्याला ती मिळता कामाच नये. कुत्र्याच्या अंगावर केशरी जाकीट आणि गळ्यात घंटा हवीच. घंटेने ग्राऊस बिचकतो असे म्हणणाऱ्याने आपल्याला कुत्रा हवा की पक्षी ते ठरवावे.

हरणवाल्यांकडून मागणे थोडे आहे, पण त्यात सूट नाही. सावज ओळखायला रायफलवरची दुर्बीण वापरायची नाही. ती ज्याच्यावर रोखली जाते तो माणूस असला तर बंदूकही माणसावरच रोखलेली असते. त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवावी. विस्कॉन्सिनच्या शिकार-शिक्षणात चार नियम पहिल्याच पाठात शिकवतात : प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, निशाण आणि त्यापलीकडे काय आहे याची खात्री करा, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा. यातला तिसरा नियम लाखो लोकांना पाठ आहे. तो मोडणाऱ्याला, मोज्यांचा रंग कोणताही असो, न्यायालयात पळवाट मिळू नये. मेनसारखा स्पष्ट कायदा ज्या राज्यात नसेल तिथल्या आमदारांनी तो आणावा. त्यासाठी पक्ष्यांचा हंगाम बंद करण्याची गरज नाही.

आणि तिथल्या मराठी वाचकांना एक विनंती. पंधरा नोव्हेंबरनंतर स्टेट पार्कात जाण्याआधी शिकारीच्या हद्दीचा नकाशा पाहा, मुलांना आणि कुत्र्याला केशरी घाला. ते तुमचे कर्तव्य म्हणून सांगत नाही. चूक घडलीच तर ती चाप ओढणाऱ्याचीच असेल. पण मुले तुमची आहेत.