पायऱ्या कोणी मोजल्या?

खेळ हा शब्द उच्चारला की आमच्या साहित्यिक मंडळींच्या कपाळाला आठी पडते. त्यातून तो संगणकावरचा खेळ असला, म्हणजे तर विचारूच नका. मुलांचे डोळे बिघडवण्याची सोय, आईबापांच्या पैशांची राखरांगोळी, वाचनाच्या मानेवरचा सुरा, अशी त्याची बिरुदे ठरून गेलेली आहेत. दरसाल परिसंवादांतून ही बिरुदावली म्हटली जाते, टाळ्या पडतात, आणि मंडळी चहाला मोकळी होतात. ह्या बिरुदावलीशी मला भांडायचे आहे. भांडणासाठी मी जो खेळ निवडला आहे, त्यात शत्रूला लोळवायचे नसते की बाजी जिंकायची नसते. त्यात एक जहाज आहे, आणि त्या जहाजावरून हिंडण्याची मुभा आहे.

जहाजाचे नाव ब्रिटानिक. खेळाचे नाव ‘ब्रिटानिक : पेट्रनेस ऑफ द मेडिटरेनियन’. त्याला आभासी संग्रहालय असे म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि ह्या नावालाच आमच्या विद्वानांचा पहिला आक्षेप आहे. तेव्हा आधी जहाजाची हकीगत सांगतो, मग आक्षेपांचा समाचार घेतो.

टायटॅनिक कोणाला ठाऊक नाही? तिच्या धाकट्या बहिणीची गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. ऑलिंपिक, टायटॅनिक आणि ब्रिटानिक ह्या तिघी बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ ह्या गोदीतल्या. १९१२ च्या एप्रिलात टायटॅनिक बुडाली, तेव्हा ब्रिटानिकचा सांगाडा गोदीत उभा राहत होता. मधलीच्या मरणावरून धडा घेऊन धाकटीची रचना बदलण्यात आली. यंत्रे आणि बाष्पके असलेल्या भागाला दुहेरी कवच मिळाले. आतल्या काही आडभिंती आणखी वर नेल्या. होड्या उतरवण्यासाठी राक्षसी याऱ्या बसवल्या. २६ फेब्रुवारी १९१४ ला ती पाण्यात उतरली, आणि सहा महिन्यांच्या आत महायुद्ध पेटले. तिकीट काढलेला एकही उतारू तिच्यावर कधी चढला नाही. १९१५ च्या अखेरीस पांढरा रंग, हिरवा पट्टा आणि लाल क्रूस लेवून ती रुग्णालय होऊन बाहेर पडली. तीन हजारांवर रुग्णांची सोय असलेले ते तरते रुग्णालय पूर्वेकडच्या आघाड्यांवरचे जखमी आणि आजारी सैनिक विलायतेला आणू लागले. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी, ग्रीसच्या केआ बेटाजवळ, जर्मन पाणबुडीने पेरलेला सुरुंग तिच्या पुढच्या अंगाला फुटला. पंचावन्न मिनिटांत ते प्रचंड धूड तळाशी गेले. हजाराच्या वर माणसे वाचली. ३० मेली.

आता पहिला आक्षेप. संग्रहालयात खरी वस्तू हवी. पडद्यावरच्या रंगीत छायेला संग्रहालय म्हणणे म्हणजे चित्रातल्या लाडवाला फराळ म्हणणे होय, असे आमचे विद्वान म्हणतात. उपमा झकास आहे. पण खरी वस्तू आहे कुठे? ब्रिटानिक समुद्रात सुमारे १२० मीटर खोल कुशीवर पडली आहे. झाक कुस्तो ह्या फ्रेंच संशोधकाने १९७५ साली तिचा ठाव लावला. तिच्यापर्यंत जायचे तर ग्रीक सरकारचा परवाना लागतो, आणि तो मिळाला तरी खोल बुडी मारण्याचे कसब असलेल्या मूठभर लोकांखेरीज तिथे कोणी पोचत नाही. तिच्या भव्य जिन्यासाठी वेल्टे ह्या जर्मन कंपनीचे एक आपोआप वाजणारे ऑर्गन योजलेले होते. युद्धामुळे ते तिच्या वाट्याला आले नाही. ते गेले कुठे, हे कित्येक वर्षे कोणाला कळले नाही. पुढे २००७ साली स्वित्झर्लंडमधल्या सेवेन गावच्या संग्रहालयातले जुने ऑर्गन दुरुस्तीसाठी उघडले, तेव्हा आतल्या भागांवर ब्रिटानिकचे नाव आढळले. म्हणजे देह ग्रीसच्या समुद्रात आणि कंठ स्वित्झर्लंडात. ही दोन एका ठिकाणी आणायची कुठे? कागदावर नाहीतर पडद्यावर. तिसरी जागा विद्वानांनी सुचवावी.

आणि खऱ्या वस्तूचा एवढा आग्रह धरणारे आपण रायगडावर काय पाहतो? जोती पाहतो. भिंती नाहीत, छपरे नाहीत, पडदे नाहीत. बाकीचा सारा राजवाडा वाटाड्याच्या जिभेवर उभा असतो. इथे अमुक बसत, तिथून तमुक येत, असे तो सांगतो आणि आपण माना डोलावतो. त्यातले पुराव्याचे किती आणि पदरचे किती, हे तो सांगत नाही, आपणही विचारत नाही. त्या वाटाड्याच्या पदरच्या गोष्टी आपल्याला भक्तीने चालतात. मग नकाशे, छायाचित्रे आणि गोदीतली कागदपत्रे पुढे ठेवून कोणी भिंत उभी केली, तर तीच तेवढी खोटी कशी?

दुसरा आक्षेप अधिक गोंडस आहे. हे खेळ कल्पनाशक्ती मारतात. पुस्तक वाचताना जहाज वाचकाच्या मनात उभे राहते, इथे ते आयते मिळते. हा आक्षेप बहुधा कादंबरीकार घेतात. मीही त्याच पंगतीतला असल्यामुळे ह्या कल्पनाशक्तीचा व्यवहार मला आतून ठाऊक आहे. आमचा नायक रात्रीतून वीस कोस दौडत येतो, आणि घोड्याच्या तोंडाला फेस येत नाही. वाड्यात झुंबरे लखलखतात. त्या सालात त्या वाड्यात झुंबर असणे शक्य होते का, हा प्रश्न लेखकाला पडत नाही, प्रकाशकाला परवडत नाही आणि परीक्षकाला सुचत नाही. नायिका जिना धावत उतरते. जिन्याला पायऱ्या किती? धावत उतरण्याजोगा तो होता का, की दोरीला धरून उतरायचा काळोखी जिना होता? पुष्कळदा आम्ही ज्याला कल्पनाशक्ती म्हणतो, तो केवळ चौकशीचा कंटाळा असतो.

आता ह्या पोरकट म्हणवल्या जाणाऱ्या खेळाकडे पाहा. तो रचणाऱ्यांना ‘ती धावत वर गेली’ असे लिहून सुटता येत नाही. जिना दाखवायचा, तर पायऱ्या मोजाव्याच लागतात. दार दाखवायचे, तर ते कोणत्या बाजूला उघडते हे ठरवावेच लागते. दालनातून होड्यांच्या मजल्यापर्यंत माणसाने चालत जायचे, तर मधली एकही वाट गाळून चालत नाही. लेखकाला वाक्य संदिग्ध ठेवता येते. भिंत संदिग्ध ठेवता येत नाही. ह्या एका सक्तीपायी ही मंडळी जी चौकशी करतात, तिच्या चौथ्या हिश्श्याने जरी आम्ही केली, तरी मराठी ऐतिहासिक कादंबरीचा कायापालट होईल.

ह्या चौकशीतून काय हाती लागते, ते एका उदाहरणाने सांगतो. सुधारलेली, दुहेरी कवचाची ब्रिटानिक पंचावन्न मिनिटांत बुडाली, तर टायटॅनिकला अडीच तासांहून अधिक वेळ लागला. असे का, हा प्रश्न मी वर्गात टाकला, तर मुले सुरुंग, स्फोट, पाणबुडी अशी भराभर उत्तरे देतात. पण त्या उत्तरांनी हिशेब पुरा होत नाही. स्फोटानंतर पाणी अडवणारी काही दारे नीट मिटली नाहीत, आणि खालच्या मजल्यांवरच्या गोल खिडक्या उघड्या होत्या. त्या कोणी उघडल्या? परिचारिकांनी. का? रुग्णांच्या दालनांत मोकळी हवा खेळावी म्हणून. जहाज कलले, त्या खिडक्या पाण्याखाली गेल्या, आणि कवच व आडभिंती ह्यांचा सारा बंदोबस्त बसल्या जागी व्यर्थ झाला. तज्ज्ञांनी टायटॅनिकच्या मरणाची फेड केली होती. रुग्णाला श्वास घेता यावा म्हणून उघडलेल्या खिडकीचा हिशेब त्यात नव्हता. हे वाचून कळते खरे. पण त्या दालनात उभे राहून खिडकीबाहेर पाणी किती जवळ आहे हे ज्याने पाहिले, त्याला ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

इथवर मी खेळाची बाजू घेतली. आता खेळाच्या भक्तांकडे वळतो, कारण त्यांचाही हिशेब चुकता करायचा आहे.

ह्या आभासी जहाजांवर सारे काही असते, माणूस नसतो. जिना आहे, त्यावरून कोणी उतरत नाही. खाट आहे, तिच्यावर कोणी कण्हत नाही. २९ बाष्पके आहेत, त्यांच्या तोंडाशी कोळसा ओढणारा हात नाही. जहाज इतके चकचकीत आणि इतके नि:शब्द, की पाहणाऱ्याला त्याची भुरळ पडते. आणि भुरळ पडली की इतिहास संपतो आणि शौक सुरू होतो. नळ पितळी होता की निकेलचा, ह्यावर तासन् तास वाद घालणारे ह्या शौकात पुष्कळ भेटतील. त्यांना मी एवढेच विचारतो : त्या सकाळी मेलेली ३० माणसे कशी मेली, हे तुमच्या फेरफटक्यात कुठे आहे?

ती कशी मेली ते नोंदलेले आहे. कप्तान बार्टलेट जहाज केआच्या किनाऱ्याला लावू पाहत होता, म्हणून यंत्रे चालू होती. त्याचा हुकूम येण्याआधीच घाबरलेल्या लोकांनी दोन होड्या खाली सोडल्या. जहाजाचे नाक बुडत होते, शेपटाकडचे पंखे पाण्याबाहेर येत फिरत होते. त्या होड्या त्या पंख्यांत ओढल्या गेल्या. मेलेल्यांपैकी बहुतेक तिथे मेले. व्हायोलेट जेसप नावाची परिचारिका, जी चार वर्षांपूर्वी टायटॅनिकवरून वाचली होती, ती त्यांतल्याच एका होडीत होती. पाण्यात उडी घेतली म्हणून ती वाचली. कप्तानाने जहाज वाचवण्यासाठी जे केले, त्यानेच माणसे मेली, आणि तरी त्याला दोष देणे सोपे नाही. अशा जागी नकाशा गप्प बसतो. इथून पुढे कादंबरीचे काम सुरू होते.

म्हणून माझे भांडण दुहेरी आहे. संग्रहालय म्हणवणाऱ्याने दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. एक, कोणती भिंत पुराव्याने उभी आहे आणि कोणती अंदाजाने, हे जागच्या जागी सांगावे. रायगडच्या वाटाड्याची सवलत त्याने मागू नये. दुसरी, जहाजावर जे राबले आणि जे मेले, त्यांना भव्य जिन्याइतकीच जागा द्यावी. आणि ही दुसरी गोष्ट त्याच्या हातून होत नसेल, तर नाक मुरडून बसलेल्या लेखकांनी ती करावी. तेवढी आपली ऐपत आहे, असे आपण म्हणवतो ना?

‘पण ही सारी परक्यांची जहाजे,’ असा शेवटचा आक्षेप राहतोच. तो सर्वांत लाजिरवाणा आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर पिढ्यान् पिढ्या डेकवर कोकण–गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी होते, भट्ट्यांपाशी पंजाबी आणि पठाण होते, आणि जेवणघरात वाढणारे गोमंतकीय होते. जहाजे परक्यांची होती. त्यांवरचा घाम परका नव्हता. ते खलाशी कुठे निजत, काय खात, मुलुखात पैसे कसे धाडत, ह्यावर मराठी कादंबऱ्या किती? बोटे मोजायला बसावे, तर एका हाताचीही भरती होणार नाही.

आणि घरचे जहाज हवे असेल, तर तेही आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईच्या तोंडाशी बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ब्रिटानिकवर मेली त्यांच्या वीसपट. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, गटारी अमावास्येचे दिवस होते, आणि चाकरमानी आपापल्या गावी परतत होते. अलिबागच्या बाजूला अजून असे घर सापडेल, जिथे त्या दिवसाचा विषय निघाला की म्हातारी पदराने डोळे टिपते. त्या बोटीचे मजले किती, जिना कुठे, ती कलली तेव्हा कोणत्या बाजूला गर्दी होती, तिच्यावर जीवरक्षक साधने किती आणि ती ठेवली कुठे होती? ब्रिटानिकबद्दल असे प्रश्न विचारा. सातासमुद्रापलीकडची कोणी तरुण मुले तुम्हांला हाताला धरून ती जागा दाखवतील. रामदासबद्दल विचारा, तर आपण सुस्कारा टाकतो, आणि सुस्कारा हेच स्मारक समजतो.

त्या दिवसाची आठवण असलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसायला संगणक लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरते. ज्याला खेळ करता येतो त्याने खेळ करावा, ज्याला कादंबरी लिहिता येते त्याने कादंबरी लिहावी, ज्याला ह्यांतले काही येत नाही त्याने निदान ऐकलेले उतरून ठेवावे. पण ह्यांतले काहीच न करता, दुसऱ्याने चिकाटीने उभारलेल्या जहाजाला पोरखेळ म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. साहित्याचा कैवार घेऊन जो कोणी ह्यापुढे व्यासपीठावर चढेल, त्याला मी एकच विचारीन : महाराज, रामदासच्या पायऱ्या किती होत्या? ठाऊक नसेल, तर आधी खाली उतरा आणि रेवसची वाट धरा.