मनोरुग्णांच्या खाटेचा प्रश्न

मनोविकाराने ग्रासलेल्या माणसाला इस्पितळात ठेवावयाचे, तर नातलगाने मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत अर्ज करावा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडावे, आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाल्यावर त्या माणसाची रवानगी व्हावी, अशी जी तजवीज १९१२ च्या कायद्याने केली होती, ती स्वराज्य आल्यावरही १९९३ पर्यंत अंमलात होती, हे आज पुष्कळांना खरे वाटणार नाही. आजारी माणूस आरोपीसारखा न्यायासनाच्या दारातून इस्पितळात जाई. त्या वर्षी अंमलात आलेल्या १९८७ च्या कायद्याने स्वेच्छेने दाखल होण्याची वाट रुंद केली. परंतु खरा पालट झाला तो २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. रुग्णाच्या संमतीने भरती हा आता नियम आहे. संमतीवाचून ठेवावयाचे, तर रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, प्रथम मुदत तीस दिवसांची मिळते, आणि पुनर्विलोकन मंडळाला वर्दी द्यावी लागते. या अटींमुळे घरच्यांची अडचण होते, अशी तक्रार मी ऐकली आहे, आणि तीत तथ्य नाही असे नाही; तरीही मनुष्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणारा निर्णय सोपा नसावा, या मतावर मी ठाम आहे.

पण कायद्याने दार उघडले, तरी दारापर्यंतची वाट तेवढीच लांब राहिली. महाराष्ट्र शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. येरवड्याला २५४० खाटा मंजूर आहेत, आणि ते देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणले जाते. मात्र या चार स्थळांपैकी एकही मराठवाड्याच्या किंवा खानदेशाच्या वाट्याला आले नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील ज्या कुटुंबाची रोजची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याने भ्रमाच्या भरात असलेल्या तरुण मुलाला घेऊन इतक्या लांबचा प्रवास कसा करावा? आणि तो केलाच, तर पुढे भेटीला जाणे कितीदा जमावे? भेटी विरळ होत जातात, घरची माणसे त्याच्यावाचून राहण्यास सरावतात, आणि बरा झालेला माणूस तेथेच खाट अडवून राहतो. मग नव्या रुग्णाला जागा मिळत नाही, आणि दोष मात्र नातलगांच्या निष्ठुरपणाला दिला जातो. या दोषारोपात मला मोठा अन्याय दिसतो. निष्ठुरपणा असेलही, पण त्याला अंतराचे खतपाणी शासनाने घातले आहे.

जेथे इस्पितळ हाताशी नसते, तेथे माणसे देवस्थानाच्या आश्रयाला जातात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्यालगतच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली, आणि साखळदंडांनी जखडलेली अठ्ठावीस माणसे जळून मेली.

उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. त्याचे अठरावे कलम प्रत्येकाला शासनाने चालविलेली वा पोसलेली मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देते, आणि किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर त्या जिल्ह्यातील अन्य सेवा घेण्याची मुभा देऊन तिचा खर्च शासनावर टाकते. एकोणिसावे कलम सांगते की, केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्या कारणावरून कोणालाही इस्पितळात डांबून ठेवता येणार नाही. मनोविकाराचा तीव्र झटका बहुधा काही आठवड्यांच्या औषधोपचाराने आटोक्यात येतो. त्यासाठी दूरच्या तटबंदीची गरज नसून जिल्हा रुग्णालयातील एका कक्षाची, तेथे कायम नेमलेल्या मनोविकारतज्ज्ञाची आणि प्रशिक्षित परिचारिकांची गरज असते. ज्या इमारतीत बाळंतिणी आणि हाड मोडलेली माणसे येतात, त्याच इमारतीत हा रुग्ण आला, तर गावात त्याची निराळी कुजबुजही होत नाही.

म्हणून येत्या अर्थसंकल्पात शासनाने जिल्हावार तपशील मांडावा : मनोरुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयात किती खाटा चालू आहेत, मनोविकारतज्ज्ञांची किती पदे भरलेली आहेत, बरे झालेल्यांसाठी निवाऱ्याची सोय कोठे आहे, आणि अठराव्या कलमाखाली रुग्णांच्या खर्चापोटी किती रक्कम राखून ठेवली आहे.