लाइनमनच्या मोबाइलला बंदी नको, शिस्त हवी

संपादक महोदय,

वीज कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमे सरसकट बंद करा, ही आपल्या वाचकाची मागणी एकांगी आहे. राज्य शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या परिपत्रकाने बंदी नव्हे, मर्यादा घातली आहे आणि सार्वजनिक उपक्रमांनाही ती लागू आहे. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागद टाकू नयेत, गणवेश वा शासकीय मालमत्ता दाखवणारे रील करू नयेत. कार्यालयीन समन्वयासाठी मात्र व्हॉट्सअ‍ॅपला मुभा आहे.

खांबावर चढून रील काढणाऱ्याची गय नकोच. तिथे क्षणाचे दुर्लक्ष जिवावर बेतते. ग्राहकाचे बिल किंवा मोबाइल नंबर ग्रुपवर टाकणेही गैरच. पण वादळात केळापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाची लाइन जाते, तेव्हा ‘नाल्याकाठी तार पडली आहे, बैल तिकडे नेऊ नका’ हा लाइनमनचा निरोप जीव वाचवू शकतो. १९१२ या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, गावाला सावध करता येत नाही.

म्हणून महावितरणने उपविभागवार अधिकृत ग्रुप करावेत आणि सूचना कोण देणार, हे लेखी ठरवावे. अफवांना आळा त्यानेच बसेल.

– एक वीजग्राहक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)