घट आत, लसूण बाहेर

यंदा ११ ऑक्टोबरच्या रविवारी घट बसतील आणि दुसऱ्याच दिवशी कॅनडात थँक्सगिव्हिंगची सुट्टी असेल. दक्षिण ओंटारिओत संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना असा जोडून येणारा योग वारंवार लाभत नाही. गेल्या वर्षी घट सप्टेंबरातच बसले आणि २ ऑक्टोबरला दसरा होऊनही गेला. तोरणाला झेंडू तेव्हा दारातच हजर होता. यंदा गोष्ट निराळी आहे. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला आपण मिरची-टोमॅटोची रोपे बाहेर लावली, त्याच सुमारास अधिक ज्येष्ठ लागला आणि पुढचे सारे सण लांबले. दसरा आता २० ऑक्टोबरला आहे. फ्रॉस्टच्या पंचांगात मात्र अधिक महिना नसतो. सरोवराच्या उबेला असलेल्या टोरोंटोतल्या अंगणांना तो कदाचित तेवढी सवलत देईल; ग्वेल्फ किंवा ऑटवाकडच्या अंगणांना देईलच असे नाही.

आपले पंचांग पावसाच्या प्रदेशात घडले. तिथे आश्विन म्हणजे पाऊस ओसरून उन्हाचा चटका पुन्हा जाणवू लागण्याचे दिवस. खरीप हाताशी आलेला, रब्बीची पेरणी पुढे उभी. शेतातली माती आणून घटाभोवती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचे आणि नऊ दिवसांत तरारलेल्या कोंबांवरून बियाण्याचा अंदाज बांधायचा, ही रीत त्या ऋतूच्याच पोटातून आली. इथे त्याच आश्विनात अंगण मिटू लागते. तरीही घटाची माती आपण त्याच अंगणातून आणतो. दुकानातल्या पिशवीतली आणली तर कोणी बोल लावणार नाही. पण ज्या वाफ्याने उन्हाळाभर काकडी आणि मिरची दिली, त्याची ओंजळभर माती देवीपुढे मांडण्यात काहीतरी फेडल्याचे समाधान आहे. माळेसाठी कारळ्याची फुले इथे कुठून मिळणार? रानातली जांभळी अ‍ॅस्टर अजून फुललेली असते, आणि देवीने ती नाकारल्याचे ऐकिवात नाही.

ज्या रात्रीची आपण धास्ती घेतो ती रात्र दिसायला मात्र विलक्षण सुंदर असते. ढग असले तर ते जमिनीची ऊब गोधडीसारखी धरून ठेवतात. वारा असला तर वरची जरा उबदार हवा खाली ढवळली जाते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, चांदणे टिपूर अशा रात्री जमीन दिवसभराची ऊब आकाशाला देऊन मोकळी होते. कोजागरीला दुधात चंद्र पाहायला आपल्याला जसे आकाश हवे असते, नेमके तसेच फ्रॉस्टलाही हवे असते. म्हणून हवामानाच्या अंदाजात दोन-तीन अंश लिहिलेले असले, तरी गवताच्या पात्यावर पारा शून्याला टेकलेला असू शकतो. थंड हवा जड असते, ती उताराने वाहत जाऊन खोलगट कोपऱ्यात साचते. एकाच अंगणातली वरच्या अंगाची मिरची वाचते आणि कुंपणापाशी सखल जागेतली जाते, ती यामुळे. अशा संध्याकाळी जुन्या चादरी आणि विरलेल्या साड्या झेंडूच्या वाफ्यावर जमिनीपर्यंत टेकतील अशा पसरायच्या आणि सकाळी ऊन आले की काढून घ्यायच्या. पहिल्या फ्रॉस्टनंतर पुष्कळदा आठवडाभर लख्ख ऊन पडते, तेव्हा एक-दोन रात्रींची ही धडपड वाया जात नाही.

पण महिनाभर चादरी ओढत बसण्यातही शहाणपण नाही. मे महिन्यात सगळेच जगवायचे असते. ऑक्टोबरात निवड करावी लागते. अळू एका रात्रीत काळे पडून लोळते, म्हणून आदल्या दिवशीच पाने खुडून उंडे वाफवून फ्रीझरमध्ये टाकावेत आणि कंद खणून कोरड्या जागी ठेवावेत. तुळस त्याहून हळवी. पारा दहा अंशांखाली घसरला की ती कोमेजू लागते, आणि कार्तिकात तिचे लग्न तर लावायचे आहे. तेव्हा एक कुंडी खिडकीत आणि मंजिऱ्या पाकिटात, अशी दुहेरी तजवीज बरी. कढीपत्ता तर सप्टेंबर सरतानाच आत यायला हवा होता. पाने धुऊन, कीड पाहून तो आत घेतला तरी हीटिंगच्या कोरड्या हवेत तो रुसतो, निम्मी पाने टाकतो आणि मार्चपर्यंत नुसता उभा राहतो. त्या कढीपत्त्यात स्वतःला पाहण्याचा मोह स्थलांतरितांना फार होतो. तो आवरावा, कारण कढीपत्त्याला कोणी विचारून आणलेले नसते.

हिरव्या टोमॅटोंची चिंता मात्र करू नये. टोमॅटोला पिकायला ऊन लागत नाही. पूर्ण वाढलेला, किंचित पांढुरका झालेला टोमॅटो कागदात गुंडाळून पिकलेल्या केळ्याशेजारी ठेवला की आतल्या आत रंग धरतो. जे अगदी कोवळे राहिले, त्यांची दाण्याचे कूट आणि तीळ घालून चटणी करायला आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि काही भाज्या तर या थंडीचीच वाट पाहत असतात. केल, गाजर, पालक यांना फ्रॉस्ट चाटून गेला की त्या गोड लागतात, कारण गारठ्याशी झुंजताना ही झाडे साठवलेल्या पिठाची साखर करतात आणि साखरेमुळे पेशींतले पाणी सहजी गोठत नाही.

थँक्सगिव्हिंगला ऑक्टोबरचा दुसरा सोमवार १९५७ साली नेमून दिला गेला. पण या मातीतला सुगीचा आनंद त्याहून कितीतरी जुना आहे. आज जिथे आपली घरे आहेत त्या दक्षिण ओंटारिओत वेंडॅट लोक युरोपीय येण्याच्या आधीपासून मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते. घटात सात धान्ये पेरणाऱ्यांना ही परंपरा परकी वाटू नये. आपली सुगी घरात मावत नसेल तर जास्तीचे भोपळे आणि टोमॅटो जवळच्या फूड बँकेत पोचवावेत; अनेक ठिकाणी ताजी भाजीही घेतात. नवरात्रात अन्नदानाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. आणि सगळा पालापाचोळा पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवण्याची घाई नको. भुंग्यांच्या राण्या मातीत शिरून हिवाळा काढतात, त्यांच्यावर ते पांघरूण असू द्यावे.

कृतज्ञतेची गोष्ट निघाली की ऑटवा आठवते. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या राजकन्या युलियाना यांना त्या शहराने आसरा दिला. त्यांची मुलगी मार्ग्रीट १९४३ मध्ये तिथेच जन्मली. युद्ध संपल्यावर १९४५ साली त्यांनी ट्यूलिपचे एक लाख कंद पाठवले, आणि कंद येण्याचा तो क्रम आजही चालू आहे. मे महिन्यात फुले पाहायला गर्दी लोटते. मात्र ते कंद मातीत जातात ते याच दिवसांत, बोटे बधिर करणाऱ्या गारठ्यात. कित्येक आठवडे थंडी सोसल्याशिवाय ट्यूलिप धड फुलत नाही.

आपल्या अंगणात ट्यूलिप नसेल तर लसूण असावा. त्यालाही थंडीच लागते. त्याशिवाय गड्डा नीट पाकळ्या धरत नाही. ओंटारिओत पुष्कळांच्या पसंतीचा ‘म्युझिक’ किंवा त्याच्यासारखा जाड दांड्याचा लसूण दसऱ्याच्या आसपास, माती गोठण्याआधी लावायचा. पाकळीचे टोक वर, खोली दोन-तीन इंच, वर पाचोळ्याचा जाड थर. जूनमध्ये कोवळे दांडे चटणीला मिळतील, जुलैत गड्डे निघतील. दुकानातला परदेशी लसूण यासाठी घेऊ नये. त्याला कोंब फुटू नयेत म्हणून पुष्कळदा प्रक्रिया केलेली असते. आणि गड्डे फोडताना सर्वांत मोठ्या पाकळ्या मातीसाठी काढून ठेवाव्यात. फोडणीला बारक्या चालतात.