दलाल नेमका कोणाचा?

धुळे–सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याला एकमेकांस मिळतात. तेव्हा फाट्याच्या आसपासची माळरानाची जमीनही आता एकराऐवजी गुंठ्याच्या भावाने बोलली जाते, यात नवल नाही. जमीन विकावी की राखावी, हा ज्याच्या त्याच्या प्रपंचाचा प्रश्न. त्यावर उपदेश करण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस बोलायचे आहे ते मधल्या माणसाविषयी. पूर्वी त्याला दलाल म्हणत, आता तो एजंट झाला आहे.

मोंढ्यातला अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो, म्हणून अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यावी असे सरकारने २०१६ साली ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. पण निदान तिथे कोण कोणाकडून घेतो हे उघड असते. जमिनीचा एजंट देणाऱ्याकडूनही टक्का घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. अहो, मग तो भाव चढवायला भांडणार की उतरवायला? त्याला सौदा लवकर उरकायची घाई!

आमच्या कानावर येणारी गाऱ्हाणी बहुतेक एकाच साच्याची आहेत. समजा, २० गुंठे जमीन दीड लाख रुपये गुंठ्याने ठरली. एजंट इसार देतो आणि पावतीत घेणार म्हणून स्वतःचेच नाव घालतो. पुढे एक ओळ असते, "खरेदीखत ते सांगतील त्या इसमाच्या नावे करून देईन." मग तोच सौदा तो दोन लाखांनी पुढे देतो. मधले १० लाख त्याचे, आणि आपला सभासद कचेरीत सही करताना खऱ्या घेणाऱ्याचे तोंड पहिल्यांदा पाहतो.

वास्तविक १८७२ च्या करार कायद्यातील कलम २१६ म्हणते की, एजंटाने मालकाला न कळवता स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. पण पावतीत तो 'घेणार' झाला की, मी एजंट नव्हतोच, असे म्हणायला मोकळा! त्या एका ओळीची किंमत ही अशी असते. कुलमुखत्यारपत्र देणे तर आपला अंगठा त्याच्या खिशात ठेवणेच आहे.

२०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी लावली, परंतु ती नोंदणीस पात्र प्रकल्पांतील प्लॉट-फ्लॅटच्या विक्रीसाठी. आपल्या शेताच्या सुट्या सौद्याला तिचा आधार नाही. मुलासाठी बीडला किंवा पुण्याला प्लॉट घ्यायचा झाल्यास मात्र प्रकल्पाचा आणि एजंटाचा असे दोन्ही महारेरा क्रमांक जरूर मागावेत.

अमेरिकेतही हा वाद कोर्टात गेला. त्यातील तडजोडीनुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने नियम केला की, घर दाखवायला नेण्यापूर्वीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा आणि त्यात मेहनताना स्पष्ट लिहावा.

आपणही भाव बोलण्याआधी एजंटाकडून एवढे कागदावर घ्यावे: तो कोणाच्या वतीने बोलतो, कोणाकडून किती घेणार, आणि जमीन स्वतः घेणार नाही ही कबुली. जो लिहून देण्यास कां-कूं करील, त्याला चहा पाजून वाटेला लावावे. इसार पावती रात्री हॉटेलात बसून सही करू नये. दुसऱ्या दिवशी वकिलाकडून वाचून घ्यावी. वकील मात्र एजंटाने आणलेला नसावा.